आत्या मनात वाचते

चिखली
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय गिरजा आत्या,
सप्रेम जय भीम.

फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून अख्खी सोसायटी गोळा करायची आणि तू तिकडून "काय ऐकू येत न्हाई, ठेवते" म्हणायचं. कानातलं मशीन तू डब्यात घालून ठेवलंयस, हे बाबांनी सांगितलंय मला. म्हणून पत्र. आज आमची गुरुवारची सुट्टी आहे, धुणं वाळत घातलं आणि बसले.

आधी एक सांगते. यातलं अक्षरही बाबांना कळू देऊ नकोस. तुम्ही बहीण-भाऊ एका घरात राहता, अवघड आहे, पण तेवढं कर. वाच आणि ठेवून दे.

आमच्या कंपनीत डिझेल इंजिनच्या पाइपांची लाइन बंद होतेय. अठरा वर्षं मी तिचंच प्लॅनिंग बघतेय. कुठल्या शिफ्टला किती पाइप, कुणाचा माल आधी पाठवायचा, हे सगळं. आता डिझेलच नको झालंय तर पाइप कशाला? मला दोन रस्ते दिलेत. गुजरातच्या नव्या प्लांटला जा, नाहीतर कंपनी देईल ते घ्या आणि घरी बसा. एकतीस मार्चपर्यंत काय ते सांगायचंय.

मला काय वाटतं ते मलाच कळत नाही, आत्या. पहाटे उठायचं, डबे करायचे, बस पकडायची, चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये मान टाकून झोपायचं, दिवसभर ऑफिस, परत बस, परत भाकरी. झोपून उठले तरी थकलेलीच असते. बुद्धभूषणना विचारलं, तर म्हणतात, "तुला वाटेल तसं कर." माणूस चांगला आहे, तूच शोधलेला. पण ते असं म्हणाले की मला रडू येतं. काही वाटतच नाही, तर काय करू?

ऑफिसातली दिव्या म्हणाली, करिअर कोचकडे जा. रावेतला निरंजन सर म्हणून आहेत. आधी कारखान्यांतच मोठ्या हुद्द्यावर होते. आता नोकरीत अडकलेल्या माणसांशी बोलतात, त्यांना पुढचा रस्ता शोधायला मदत करतात म्हणे. पहिली भेट फुकट, पुढच्या बैठकांना फी. जाऊ का? बाबांनी स्वतः दोन-दोन पाळ्या करून मला डिप्लोमा करायला लावला. ती पोरगी चाळिशी उलटल्यावर "आता काय करू" म्हणत परक्याच्या दारात जाते, हे कळलं तर त्यांना काय वाटेल?

तुझी,
मिनल


तळेगाव दाभाडे
१६ जानेवारी

चि. मिनलला आत्याचा जय भीम आन् आशीर्वाद.

पत्र पावलं. किसन भाईर ओट्यावर बसला व्हता, तवा मी आत बसून मनातल्या मनात वाचलं. त्याला काय बी कळलं न्हाई. तू निवांत ऱ्हा.

अक्षर चांगलं हाय. बाकीचं काय चांगलं न्हाई.

हा कोच म्हंजी कोण, ते मला दोनदा वाचून समजलं न्हाई. पैलवानाला वस्ताद असतो, ते ठाव हाय. नोकरीला बी वस्ताद? अठरा वरसं तू त्या कंपनीला सांगितलं किती माल काढायचा, आन् आता तुला कुणी परक्यानं सांगायचं? माझ्या मतानं हे हात दाखवून अवलक्षण. आमी भोसरीच्या प्रेसशॉपात जलम घालवला. पत्र्याचे पार्ट खोक्यात भरायचे, पाळी सुटली की घरी. कान गेले, पर तुमाला काय वाटतं असं कुणी इचारलं न्हाई आन् आमी बी सांगितलं न्हाई. जगलोच ना.

तू थकती म्हणती. रगत तपासून घे. बायांचं रगत कमी असतं आन् त्या नवऱ्याला दोष देत बसत्यात.

तरी बी जायाचंच असंल तर त्या मानसाचा पत्ता धाड. लगीन जमवताना आपण चौकशी करतो का न्हाई? बुद्धभूषणच्या वेळंला मी त्यांच्या वस्तीत जाऊन किराणावाला, इस्त्रीवाला, समद्यांना इचारून आले व्हते. म्हणून आज तुला माणूस चांगला हाय म्हणता येतंय. हितं तर तू सगळा संसार त्याच्या म्होरं मांडणार. त्याच्या घरचं कायतरी कळाया नको?

मेथी धाडली असती, पर पोस्टात जात न्हाई.

आत्या


चिखली
गुरुवार, ३० जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट बघून बरं वाटायला हवं होतं ना? मला उलट वाईट वाटलं. काहीतरी कमी निघालं असतं तर गोळी घेतली असती आणि प्रश्न मिटला असता.

कोच म्हणजे वस्ताद नाही गं. तो काही शिकवत नाही. आपण बोलायचं, तो प्रश्न विचारतो, आणि बोलता बोलता आपल्याला काय हवंय ते सापडतं, असं दिव्या म्हणते. तिचा भाऊ त्यांच्याकडे जाऊन आलाय. मला भीती वाटते ती वेगळीच. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, म्हणतात. त्यांनी माझ्या मनात हात घातला आणि आत काहीच निघालं नाही तर? डिप्लोमा बाबांनी ठरवला. चाकणची कंपनी घेतली, कारण तिची बस आपल्या दारावरून जायची. स्थळ तू आणलंस. मला कशाचीच तक्रार नाही, सगळं चांगलंच झालं. पण मी स्वतः शेवटचं काय ठरवलं, ते आठवत बसले, तर पडद्यांचा रंग आठवला.

पत्ता देतेय, कारण नाही दिला तर तू दिव्याला गाठशील. रावेतला, पुलाच्या अलीकडे, मागच्या पानावर सोसायटीचं नाव लिहिलंय. वीस फेब्रुवारीची वेळ घेतलीय. पण चौकशी करायला जायचं नाही, आत्या. माझी शपथ आहे. शेजारणीच्या एका वाक्यावर तू संघर्षदादाचं जमलेलं लग्न मोडलंस, ते घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

बाबा कसे आहेत? फोनवर परवा फारच कमी बोलले.

मिनल


तळेगाव दाभाडे
१२ फेब्रुवारी

चि. मिनलला जय भीम.

शपथ तू घातली व्हती, मी घेतली न्हवती. जाऊन आले.

लोकलनं आकुर्डीपोत्तर गेले, फुडं रिक्षा केली. वॉचमन भला माणूस, आपल्या जुन्नरकडला. त्याला इचारलं, ते निरंजन साहेब कसं हायेत? तर तो कानाशी येऊन म्हणाला, "आजी, हळू बोला." मी हळूच बोलत व्हते. हल्लीच्या लोकास्नी कशाचा बी तरास व्हतो. त्यानं सांगितलं ते असं. बायको सकाळच्याला नोकरीवर जाती. हा दिवसभर घरात. भाजी आणायला बी हाच खाली येतो.

मग गेटाभाईरच्या इस्त्रीवाल्याकडं गेले. आता नीट वाच. त्या घरातनं दर आठवड्याला चार-पाच शर्ट इस्त्रीला येत्यात. कडक कालरीचे, साहेबी. पर प्यांट एक बी न्हाई. इस्त्रीवाला म्हणला, दोन वरसात त्या साहेबाची प्यांट म्या हातात धरलेली न्हाई. आता मला सांग, ज्या मानसाला प्यांटीला इस्त्री लागत न्हाई, त्यो भाईर कुटं जातो? कुटंच न्हाई. म्हंजी त्याचीच नोकरी गेलेली हाय. आन् शर्ट कशाला? तर गॅलरीत हुबं ऱ्हाऊन लोकास्नी दाखवायला. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येणार? ज्याला सोताला काम न्हाई, त्यो तुझं काय करणार?

माझं मत इचारशील तर जाऊ नको.

किसन बरा हाय. म्होरल्या घरातली कुसुमताई हल्ली तुझी चौकशी लई करती. मी तिला काय बी बोलले न्हाई.

आत्या


चिखली
गुरुवार, २७ फेब्रुवारी

आत्या,
जय भीम.

तुझं पत्र आलं आणि मी वीस तारखेची वेळ रद्द केली. पटलं म्हणून नाही. कुणीतरी नको म्हणायचीच वाट बघत होते बहुतेक. नको म्हटल्यावर किती हलकं वाटलं, म्हणून सांगू. दोन दिवस टिकलं ते.

मग दिव्याला तुझी प्यांटीची गोष्ट सांगितली. तिच्या हातातला चहा टेबलावर सांडला. आत्या, ते लोकांशी कॉम्प्युटरवर बोलतात. समोरच्याला कमरेपर्यंतच दिसतं. म्हणून शर्ट इस्त्रीचा. खाली पायजमा असला तरी कोण बघतंय? करोनात बुद्धभूषणसुद्धा असेच बसायचे. खूप दिवसांनी हसले, आणि मग बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. दोन्ही तुझ्यामुळे.

त्यानंतर एक केलंय. सोमवारी मॅनेजरनी विचारलं, "मॅडम, ठरलं का?" मी म्हटलं, "हो, गुजरात." तोंडातून निघून गेलं. त्यांनी लगेच अभिनंदन केलं. पक्कं नाव एकतीसला जाणार, तोवर बदलता येतं म्हणाले, पण एकदा हो म्हटल्यावर कोण बदलतं? आमच्या लेकीची, मैत्रीची, बारावी यंदाच संपतेय, ती तिच्या बाबांजवळ राहील. मी तिकडे एकटी खोली करून राहीन. इथे थकतेच आहे, तिथे थकेन.

बाबांना फोन करून सांगितलं, बढती मिळाली, गुजरातला जातेय. बढती वगैरे काही नाही, तुला माहितीच आहे. ते नुसतं "बरं" म्हणाले. आनंदाने गळा दाटला असेल. त्यांच्या आनंदासाठी तरी आता जायलाच हवं.

तुझ्यावर रागावलेली नाही. रागवायलाही जोर लागतो.

मिनल


तळेगाव दाभाडे
६ मार्च

चि. मिनलला जय भीम.

तुझं पत्र वाचून मला झोप लागली न्हाई. रागवायला जोर न्हाई म्हणती, असं लिव्हत्यात व्हय कुणाला? माझ्या एका पत्रानं तू वेळ रद्द केली. माझं इतकं कधी ऐकलंस ग? आन् ऐकायचं तर नेमकं प्यांटीचं ऐकलंस.

म्हणून परत गेले. या टायमाला इस्त्रीवाल्याकडं न्हाई, सरळ वर. खाली वॉचमननं भेटीची वेळ घेतलीया का इचारलं, तर तुझं नाव सांगितलं. मी मिनल. वरनं फोनवर सोडा म्हणाले. दार उघडलं तर खरंच वर कडक शर्ट आन् खाली चुरगाळलेला पायजमा. वरनं साहेब, खालनं आपल्यातला.

मी त्याला सांगितलं मी आत्या हाय, मिनल न्हाई, आन् मला ऐकू येत न्हाई. दुसरा कुणी असता तर मला वाटंला लावलं असतं. त्यानं पाणी दिलं, कोरे कागद काढले, आन् मोठ्या अक्षरात लिव्हलं, "जरा हळू बोलाल का? शेजारी बाळ झोपलंय." मग लिव्हलं, "बोला, तुमी काय काम करत व्हता?" मी म्हणलं, माझं न्हाई, पोरीचं इचारा. तर त्यानं लिव्हलं, "त्यांचं त्या सांगतील. तुमी आलाय, तुमचं सांगा. कामावरचा कुठला दिवस बरा गेला व्हता?"

मिनल, मी त्याला प्रेसचं, त्या पत्रा दाबायच्या मशिनचं, सांगितलं. तुला बी ठाव न्हाई, किसनला बी न्हाई. एकदा प्रेस चालवणारा गडी आजारी पडला. बायांना प्रेसवर घेत न्हवते, पर माल अडला व्हता, म्हणून साहेबानं मला हुबं केलं. आठवडाभर चालवली. हात बसला. एक पार्ट वाया गेला न्हाई. घरी जाताना मला चालल्यावानी वाटत न्हवतं, तरंगल्यावानी वाटायचं. गडी परत आला, साहेब शाब्बास म्हणाला, आन् मी माझ्या खोक्यांकडं गेले. कोचनं लिव्हलं, "प्रेस पायजे म्हणून मागितली का?" मी म्हणलं, न्हाई. त्यानं लिव्हलं, "का?" आन् मला रडू आलं ग. ह्या वयात, परक्याच्या सोफ्यावर. मागायचं असतं हेच ठाव न्हवतं.

त्यो माणूस काय करा ते सांगत न्हाई. इचारतो. आपल्या घरात सांगणारे लई झाले, त्यात मी पयली. माझं आधीचं पत्र फाडून टाक आन् जा त्याच्याकडं. फकस्त एक झालं. ती फुकटातली भेट मी वापरली.

गुजरातचं ऐकल्यापासनं किसन जेवतो कमी. अभिमानानं पोट भरलं असंल.

आत्या


चिखली
गुरुवार, १३ मार्च

प्रिय आत्या,
जय भीम.

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि गेले. निरंजन सरांनी दार उघडून आधी माझ्या मागे बघितलं, तू आलीयस का म्हणून. फी भरली. तुझ्या प्रेसवर माझी फुकटची भेट गेली, त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. मला का नाही सांगितलंस कधी? मी विचारलं नाही, खरंय.

मलाही त्यांनी तेच विचारलं, कुठला दिवस बरा गेला. मी आठवत बसले. मधे एकदा त्यांनी स्वतःचे डोळे चोळले, तेही थकलेलेच दिसत होते, आणि मला त्यामुळेच बरं वाटलं. मग मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी कंपनीत संप झाला होता, बस आली नाही, तो दिवस. मी काहीच केलं नव्हतं त्या दिवशी. गॅलरीत बसले होते. आणि ते सांगता सांगता बोलून गेले, "मला सहा महिने काहीच करायचं नाहीये. गुजरात नको, दुसरी नोकरी नको, धंदा नको. मला थांबायचंय." असं काही माझ्या तोंडून निघेल असं वाटलं नव्हतं. बोलल्यावर इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग आत्ता तुमच्याकडून पुढच्या बैठकांची फी घेण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर वाटलं तर या. पण हे ज्यांना सांगायची भीती वाटते, त्यांना आधी सांगा."

बुद्धभूषणना त्याच संध्याकाळी सांगितलं. हप्ते संपलेत, माझा पगार पुरेल, थांब, म्हणाले. तुला वाटेल तसं म्हणाले नाहीत. राहिले बाबा. आत्या, मला त्यांना सांगता येत नाही. नोकरी सोडायची नाही, आपल्या माणसाला दुसरा आधार नाही, हे ऐकत मी मोठी झाले. त्यात बढतीचं खोटं बोलून बसलेय. तू जरा चाचपून बघ ना. एखाद्या ओळखीच्या बाईची गोष्ट म्हणून काढ. ते नको म्हणाले, तर मी गुजरातला जाईन. त्यांना दुखवून मला थांबता येणार नाही. एकतीसच्या आत कळव.

मिनल


तळेगाव दाभाडे
१९ मार्च

चि. मिनल,
जय भीम.

अक्षर बघून घाबरू नको. गिरजी ठणठणीत आहे, आत भाकऱ्या करतेय. हे पत्र मी लिहितोय.

तुझी आत्या मनात वाचते म्हणते. तिला तसंच वाटतं. कान गेल्यापासून तिला स्वतःचा आवाज कळत नाही. जानेवारीत तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. "यातलं अक्षरही बाबांना कळू देऊ नकोस" इथपासून शेवटपर्यंत सगळं मला ऐकू आलं. समोर कुसुमताई तांदूळ निवडत होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. बाई शहाणी, ताट उचलून आत गेली.

कळू देऊ नको असं तू म्हणालीस, म्हणून मला कळलंय हे मी कळू दिलं नाही. पुढची पत्रं आली तेव्हा पोस्टमन गेला की मीच म्हणायचो, मी जरा बाहेर बसतो. गिरजीला वाटायचं, बरं झालं, गेला.

तू बढतीचा फोन केलास, तेव्हा आनंदाने गळा दाटला नव्हता. पोरगी मला खोटं सांगतेय आणि माझ्यासाठीच सांगतेय, हे कळत होतं. ओरडून सांगावं वाटलं, नको जाऊ. पण मला ठाऊक नाही असं ठरलं होतं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून घास उतरत नाही.

गिरजीनं मला ओळखीच्या बाईची गोष्ट सांगायला घेतली होती. बाईचं नाव विचारलं तर म्हणाली, मिनल. मग मीच तिला म्हटलं, राहू दे, मी लिहितो.

नोकरी सोडायची नाही असं मीच तुला सांगायचो. तेव्हा ते खरं होतं. मी चौतीस वर्षं पाळ्या केल्या, थकलो नाही असं नाही. पण मी थांबलो असतो तर घर थांबलं असतं. तू थांबलीस तर तुझं घर थांबत नाही. मग मी राबलो ते कशासाठी, तुलाही तसंच राबता यावं म्हणून? मला त्याचं दुःख होईल, पोरी. तुझ्या थांबण्याचं होणार नाही.

पत्र मिळालं की लगेच कंपनीला नाही म्हणून कळव. त्या निरंजन सरांकडे जायचं का, ते दिवाळीनंतर बघ. तेव्हा जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको.

महिना संपला की इकडे ये. मी अजून पाचलाच उठतो, पहिल्या पाळीची सवय जात नाही. पण दिवा लावणार नाही. तू झोप. गिरजीला बजावून ठेवलंय, मिनल आहे तोवर सकाळी मोठ्याने बोलायचं नाही. ती आतून म्हणाली, "मी कवा मोठ्यानं बोलते?"

समोरून कुसुमताई हसल्याचं ऐकू आलं.

तुझे,
बाबा